मिसेस गेडिसला ऐकू आलेली बाई

शशिधर उकिडवे त्या संध्याकाळी फक्त एक पेटी आणायला निघाला होता.

सुमेधा, ती मेणबत्ती जरा इकडे सरकव. वीज काही नऊच्या आत येत नाही. खाणकामगारांचा संप मिटेपर्यंत साउथहॅम्प्टनला हे असंच चालायचं. राजीव, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, नंतर मध्येच नको. हा शशिधर मुंबईला मेडिकलला माझ्या वर्गात होता. आज ब्रिस्टलला सर्जन आहे, बायको आहे, मुलगा आहे, थापा मारण्यातला माणूस नव्हे. त्यानं हे मला एकदाच सांगितलं. पुढे त्याच्या मित्रानं, इलियासनं, सांगितलं तेव्हा मी मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारून पाहिले. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं.

तर सदुसष्ट सालचा नोव्हेंबर. शशिधर एडिनबराला सर्जनच्या फेलोशिपच्या पहिल्या परीक्षेला, प्रायमरीला, दुसऱ्यांदा बसत होता. पहिल्या खेपेला अ‍ॅनाटॉमीत आपटला होता. तुमच्यापैकी कुणी एडिनबरा पाहिलंय? युनिव्हर्सिटीचा तो सगळा जुना भाग काळ्या दगडाचा आहे. मुळात दगड काळा नव्हे, घराघरातल्या कोळशाच्या धुरानं काळवंडलाय. अरुंद गल्ल्या, गल्लीतून आत शिरलं की गोल गोल वर जाणारे दगडी जिने. त्या वर्षी जॉर्ज स्क्वेअरला एका अंगाची जुनी घरं पाडून युनिव्हर्सिटीच्या नव्या इमारती उठत होत्या, त्यामुळे अर्धा चौक जुना आणि अर्धा कोरा. चार वाजले की अंधार. एके काळी याच गल्ल्यांतून ताजी प्रेतं उकरून डॉक्टरांना विकत, हे तिथलं शाळकरी पोरसुद्धा तुम्हाला हौसेनं सांगेल. शशिधरला त्यात काही गम्य नव्हतं. त्याला परीक्षा दिसत होती.

इलियास नवगावकर हा तिथं त्याला एकटाच मराठी बोलणारा. मुंबईचा बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचा ज्यू, बोलणं अगदी तुमच्याआमच्यासारखं. त्याची प्रायमरी सुटली होती, हॉस्पिटलात नोकरी लागली होती, आणि त्याचा हाडांचा सेट तो शशिधरला देणार होता. शशिधर गेला, चहा प्याला, पेटी काखोटीला मारून निघाला. लांबट लाकडी पेटी, पितळी कड्या. आत अर्धा सांगाडा. कवटी, कणा, एका बाजूच्या फासळ्या, एक हात, एक पाय, ओटीपोटाचं हाड. आपल्या वेळी सगळ्यांकडे असायचा तसाच. ही हाडं कुठून यायची ते तुम्हाला माहीत आहे. सगळी आपल्याकडून यायची. प्रत्येकाला ठाऊक असायचं, कुणी बोलायचं नाही.

त्याची खोली मेडोजच्या मैदानापलीकडे, एका जुन्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर. लँडलेडी मिसेस गेडिस, साठीची, नवरा जाऊन दहाएक वर्षं झालेली. खाली स्वयंपाकघराशेजारी निजायची. त्या काळी आपल्या माणसाला खोली मिळणं म्हणजे काय होतं ते मी पुन्हा सांगत बसत नाही. जाहिरात बघून जावं, तर दार उघडणाऱ्या बाईला आपला चेहरा दिसल्याबरोबर खोली गेलेली असायची. मिसेस गेडिसनं मात्र त्याला आत घेतलं होतं. बोलणं रोखठोक, पण सकाळी पॉरिजबरोबर साखर न मागता पुढे करायची.

पेटी आली आणि शशिधरनं अभ्यासाला जुंपून घेतलं. एकेक हाड हातात धरायचं, फिरवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. कुठला स्नायू कुठं चिकटतो, कुठली नस कुठून जाते. पहिल्याच रात्री ओटीपोटाच्या हाडावरून त्याला कळलं की ही बाई. पुढे गळ्याजवळची हासळी हातात घेतली, तर तिचं आतलं टोक अजून जुळलेलं नव्हतं. म्हणजे विशी जेमतेम. शशिधरनं वहीत तशी नोंद केली आणि पुढचं हाड उचललं.

चारसहा दिवस गेले. एका सकाळी मिसेस गेडिस पॉरिजचा वाडगा ठेवून समोरच उभी राहिली.

"डॉक्टर, खोली देताना मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. वर बाई आणायची नाही."

शशिधरला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, मी कुणालाही आणलेलं नाही. ती म्हणाली, मी बहिरी नाही, चार रात्री ऐकतेय. तरुण आवाज आहे. त्यानं शेजारच्यांचा रेडिओ असेल म्हणून पाहिलं, आपण मोठ्यानं वाचतो तेच ऐकू आलं असेल म्हणून पाहिलं. तिचं एकच, तुमचा आवाज मला ओळखता येतो, हा बाईचा आहे. त्यानं सांगितलं की रात्री वर येऊन स्वतः बघा. त्यावर ती जरा नरमली, बशी उचलून पुसायला लागली. आणि मग पाठमोरी असतानाच म्हणाली, "सारखं तेच तेच विचारते. मी कुट्टय. मी कुट्टय. तुमच्याकडची भाषा आहे का?"

शशिधर म्हणाला, माहीत नाही. वर जाऊन कोट घातला, जिना उतरायला लागला. दोन वळणं उतरला. आणि तिथं, मधल्या मजल्यावर, त्याचा पाय थांबला.

मी कुठंय?

मिसेस गेडिस आयुष्यात ग्लासगोच्या पलीकडे गेलेली नव्हती. मराठीचा एक शब्द तिच्या कानावर पडायचं कारण नव्हतं. शशिधर तिच्या घरात कधी मराठी बोलला नव्हता. बोलणार कुणाशी?

त्या रात्री तो आणखी मोठ्यानं वाचत बसला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. सकाळी मिसेस गेडिसच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. या वेळी ती रागावली नाही. तिनं सांगितलं की काल ती बाई जिन्यात होती. एकेका मजल्यावर थांबत होती. आपलं दार कुठलं ते न कळल्यासारखी.

शशिधर तडक इलियासकडे गेला. कॉलेजजवळच्या चहाच्या दुकानात दोघं बसले. शशिधरनं हसत हसत सांगायला घेतलं, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की इलियास हसत नाहीये.

इलियासनं चहा ढवळून चमचा बशीत ठेवला. मग त्यानं सांगितलं. गेल्या दोन वर्षांत त्याला तीन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. तिन्ही वेळा कारण एकच, तुझ्या खोलीत बाई असते. तो शपथेवर नाही म्हणायचा, घरमालकिणी विश्वास ठेवायच्या नाहीत. दुसरी म्हणाली होती, ती रडते रे, तिला असं ठेवू नकोस. इलियासला वाटायचं, हा सगळा काळ्या माणसाला घालवून देण्याचा बहाणा.

"मला ऐकू आलं असतं तर मी तुला पेटी दिली असती का?" तो म्हणाला.

शशिधरनं विचारलं, पण मग आपल्याला का ऐकू येत नाही? आपल्याला तर कळेल ती काय म्हणते ते.

"आपण रात्रभर मोठ्यानं वाचत असतो, शशी. आपण गप्प कधी बसतो?"

त्या गुरुवारी शशिधर गप्प बसला.

जेवून वर आला. दार लावलं. कडी घातली. गॅसची शेगडी पेटवली, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. पेटी पलंगाखाली होती. दिवा त्यानं मालवला नाही. खाली मिसेस गेडिसनं भांडी आवरली, तिचा दिवा बंद झाला. बाहेर वारा होता. मेडोजमधली झाडं ऐकू येत होती, मग तीही थांबली.

बराच वेळ काही नाही.

मग जिन्यात... दगडावर पाय घासल्यासारखं. चपला नव्हत्या. एक पायरी. थांबणं. पुन्हा एक पायरी. भिंतीवरून हात फिरत होता, तो फिरण्याचा आवाज. खालच्या मजल्यावर थांबला. पुन्हा वर. शशिधरला वाटलं आपण उठावं. तो पलंगाच्या कडेला तसाच बसून राहिला.

आवाज दाराशी आला.

...

"मी कुठंय?"

शशिधर मला म्हणाला, मला वाटलं होतं ती रडत असेल, किंचाळत असेल. तसं काही नव्हतं. एसटीत झोप लागलेलं माणूस दचकून उठतं आणि शेजारच्याला विचारतं ना, तसं. साधं. जरा ओशाळं. त्यामुळेच त्याच्या अंगावर काटा आला. आणि त्यामुळेच असेल, त्यानं उत्तर दिलं. शेजारच्यानं द्यावं तसं.

"एडिनबरा."

ती विचार करत असावी.

"तालुका कंचा?"

तालुका. तिला काय सांगावं? शेगडीचा जाळ निळा झाला, बारीक झाला. खोलीत थंडी शिरायला लागली.

"घाटाच्या वर... का खाली?"

तो म्हणाला, "खाली." का म्हणाला कोण जाणे. मग म्हणाला, "समुद्राजवळ."

...

"मग जवळच आलं की."

आणि कडी हलली.

आतली कडी. जी त्यानं स्वतः घातली होती. हलली. वर उचलली गेली. शशिधर झेप घेऊन दाराला पाठ लावून बसला, दोन्ही पाय पलंगाला टेकवले. पाठीला फळीतून गारवा लागत होता. एका जागी. हाताच्या पंजाएवढा. ढकलत नव्हतं कुणी. नुसतं टेकलेलं. पहाटे दुधाच्या बाटल्या वाजेपर्यंत तो तसाच बसून होता.

सकाळी मिसेस गेडिसनं त्याला खुर्चीत बसवलं, चहा पुढे केला.

"काल तुम्ही तिच्याशी बोललात."

तो हो म्हणाला. ती तुमच्याकडचीच ना, असं तिनं विचारलं. त्यालाही तो हो म्हणाला. मग तो तिला वर घेऊन गेला आणि पलंगाखालून पेटी ओढून झाकण उघडलं. त्याला वाटलं होतं बाई ओरडेल, पोलिसांना बोलावील. ती गुडघ्यांवर बसली. हात लावला नाही. केवढी असेल, म्हणून विचारलं. शशिधर म्हणाला, एकोणीस, वीस. आणि सांगताना त्याला पहिल्यांदा लाज वाटली, कारण हे त्याला कधीपासून माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं.

ती म्हणाली, "कुणाचं तरी पोर असं खोक्यात घालून वर ठेवलंय आणि मी खाली झोपते. नाही डॉक्टर. उद्याच्या उद्या हिला इथून न्या. नाहीतर तुम्हीही जा."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. दुसरा सेट मिळायचा नाही, घ्यायची ऐपत नाही. पेटी पुन्हा कुणाला तरी विकून टाकणं सोपं होतं. आणखी एक शिकणारा डॉक्टर, आणखी एक खोली, आणखी एक जिना. शशिधर म्हणाला, तो विचार माझ्या मनात आला नाही असं मी सांगणार नाही. पण जवळच आलं की, हे तिचे शब्द त्याच्या कानातून जाईनात. तिला तसं सांगितलं कुणी? यानंच.

शनिवार, पंचवीस नोव्हेंबर. तिन्हीसांजेला दोघं समुद्राकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. इलियास स्वतःहून आला होता. पेटी दोघांच्या मांडीवर आडवी. कंडक्टरनं विचारलं, काय वाद्य आहे? इलियास म्हणाला, सतार. कंडक्टर म्हणाला, कधीतरी ऐकवा. पोर्टोबेल्लोला उतरले तेव्हा काळोख पडला होता. उन्हाळ्यात तिथं माणसांची जत्रा असते, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. किनाऱ्यावरच्या दिव्यांचा उजेड वाळूपर्यंत येऊन थांबत होता. त्यापुढे नुसता आवाज.

काय म्हणायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. इलियास म्हणाला, आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आमच्यात तर मातीच देतात. शशिधर म्हणाला, आमच्यात अग्नी. आणि ही कोण होती, हिच्यात काय देतात, ते विचारायची वेळ केव्हाच गेली होती. बूट काढून, पँट वर दुमडून दोघं पाण्यात शिरले. पाणी असं गार, की पोटऱ्यांतून कळ निघाली. एकेक हाड हातात घेऊन सोडायला लागले. बोलायला काही हवं म्हणून शशिधरनं तिला वाट सांगितली. तो बोटीनं आला होता, तीच वाट उलटी. हा उत्तर समुद्र. इथून किनारा उजव्या हाताला धरून खाली जायचं. मग स्पेन, मग जिब्राल्टर, मग आत वळून सुएझ.

"सुएझ बंद आहे," इलियास हळूच म्हणाला. "जूनपासून."

शशिधर थांबला. मग म्हणाला, सुएझ बंद आहे. आत वळू नकोस. तशीच खाली जा, आफ्रिकेला वळसा घाल. लांब पडेल. मग डावीकडे, वर. पहिला हिरवा डोंगर दिसेल, तो घाट. घाटाच्या खाली उतर.

सगळ्यात शेवटी कवटी. त्यानं ती दोन्ही हातांनी पाण्यात ठेवली, ढकलली. ती गेली. लाटेबरोबर परत आली. त्याच्या नडगीला लागून थांबली, तोंड वर. त्यानं पुन्हा ढकलली, जोरानं. काळोखात दिसेनाशी झाली. दोघं उभे राहिले. लाट आली... आणि पुन्हा नडगीला तोच स्पर्श. इलियासचे दात वाजत होते. शशिधर तिला म्हणाला,

"जा ना ग. जा."

इलियासनं त्याचा दंड धरला. "जा काय म्हणतोस तिला? घरातून निघालेल्या माणसाला जा म्हणतात का आपल्यात? ये म्हण."

शशिधरनं वाकून तिला तिसऱ्यांदा पाण्यात ठेवलं. "ये," तो म्हणाला. "सांभाळून ये हं."

लाट मागे सरली. पुढची आली, ती रिकामी.

रात्री तो खोलीवर परतला तेव्हा घर निजलं होतं. तो कपडे न बदलताच आडवा झाला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मेल्यासारखा झोपला. जिन्यात काही वाजलं नाही. पेटी त्यांनी किनाऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपाशेजारी सोडून दिली होती. ते परीक्षेचं विचाराल तर त्या खेपेलाही तो नापास झाला, तिसऱ्या खेपेला सुटला. पण ते पुढचं. मी सांगतोय ती रविवारची सकाळ.

तो खाली आला. मिसेस गेडिस ओट्याशी पाठमोरी उभी होती, केस अजून विंचरायचे होते, कपाळावर आलेले. चर्चला जायची घाई. तिचा आवाज हलका वाटत होता. तिनं त्याला सांगितलं की काल ती पोर येऊन गेली. मी शेगडीपाशी खुर्चीत पेंगत होते, तुम्ही अजून परत यायचे होतात. दार वाजलं नाही, काही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली असावी, कारण शेगडीची ऊब मध्येच अडली. मी डोळे उघडले नाहीत. भीती नाही वाटली डॉक्टर, खरं सांगते. गार होतं तिचं बोट. इथं लावलं, आणि एक शब्द बोलून गेली.

शशिधरनं विचारलं, कुठला शब्द?

"येते," मिसेस गेडिस म्हणाली. या खेपेला उच्चार अगदी स्वच्छ होता. "काय अर्थ त्याचा?"

आपल्याला दोन्ही अर्थ माहीत आहेत. निघतानाही तेच म्हणतात, आणि परत यायचं असलं तरी तेच. तो म्हणाला की तिनं तुमचा निरोप घेतला.

"चांगली होती पोर," म्हणत मिसेस गेडिस किटली घेऊन वळली. त्याच्या कपात चहा ओतायला वाकली. वाकताना कपाळावरचे पांढरे केस बाजूला झाले.

दोन भुवयांच्या मधोमध कुंकू होतं. बोटानं लावलेलं, गोल.

ते अजून ओलं होतं.